प्रकल्प नोंदी: रिलीजआधीची झाडलोट

३ जून २०२४, सोमवार

शुक्रवारी आमच्या ग्रंथालयांसाठीच्या सॉफ्टवेअरच्या २.३ चं टारबॉल (सगळ्या फायलींचं बांधलेलं गाठोडं) गेलं आणि आज सकाळी पहिलाच मेल आला: "तुमचं सॉफ्टवेअर ४८ एमबीचं कधीपासून झालं?"

खरंच झालंय. उघडून पाहिलं तर आमचा कोड, भाषांतरं आणि नमुना डेटा मिळून सहा एमबीसुद्धा भरत नाही. ३१ एमबीची एकच कोअर डंप फाइल आहे. मार्चमध्ये माझ्याच मशीनवर प्रोग्रॅम कोसळला होता, त्याची. शिवाय विम एडिटरच्या स्वॅप फायली, शेपटीला ~ असलेले एडिटरचे बॅकअप, मॅकवाल्या सहकाऱ्याच्या प्रत्येक फोल्डरमध्ये उगवणारी डीएस-स्टोअर, पायथनच्या पायकॅशचे (आपोआप बनणाऱ्या फायलींचे) ढीग. आणि "टेस्ट२_शेवटचं_खरंच.सी" नावाची एक फाइल, तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही.

आकाराचं एवढं काही नाही. कोअर डंप म्हणजे कोसळतानाची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर उतरलेली. स्ट्रिंग्ज (फायलीतला वाचता येणारा मजकूर काढणारी आज्ञा) चालवून बघितलं, तर तेव्हाचा डेटाबेसचा पासवर्ड त्यात सरळ वाचता येतोय. माझ्या मशीनवरचा, चाचणीचा आहे म्हणून निभावलं. एखाद्या ग्रंथालयाचा असता तर?

पुढे कुणाला या नोंदी वाचाव्या लागल्या तर म्हणून: हे लहान ग्रंथालयांसाठीचं नोंदीचं सॉफ्टवेअर. पुस्तकं, सभासद, देवघेव. गाभा सीमध्ये, भोवती शेल आणि थोडं पायथन, भाषांतरं गेटटेक्स्ट या साधनातून, पीओ नावाच्या फायलींत. आम्ही तिघं: मी, मॅकवाला सहकारी आणि मराठी भाषांतर सांभाळणाऱ्या ताई, निवृत्त ग्रंथपाल.

आजवर रिलीज म्हणजे मी माझ्या कामाच्या फोल्डरवर टार मारायचो. ते बंद. एक स्क्रिप्ट लिहायची, नाव "झाडू.एसएच".

४ जून, मंगळवार

लोकसभेच्या निकालाचा दिवस. ऑफिसात सगळ्यांचे डोळे टीव्हीवर, त्यामुळे मला निवांत वाचता आलं.

इतर लोक हे कसं करतात ते पाहिलं. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या परंपरेत साफसफाईच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. मेक क्लीन ही आज्ञा बांधकामात (बिल्डमध्ये) तयार झालेलं काढते, डिस्टक्लीन कॉन्फिगरने तयार केलेलंही काढतं, आणि मेंटेनर-क्लीन त्याहून पुढे जाऊन जे परत बनवायला खास साधनं लागतात तेही घेऊन जातं. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) मधली पायरी म्हणजे "मिस्टर-प्रॉपर". हे युरोपातल्या फरशी पुसायच्या द्रवाचं नाव, अमेरिकेत तोच मिस्टर क्लीन. आपल्याकडे कुणी मेक फिनाईल ठेवलं असतं.

कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरात "क्लीनफाइल" नावाची एक छोटी पर्ल स्क्रिप्टही आहे. ती फाइल काढत नाही, फायलीच्या आत हात घालते: ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटते, टॅबच्या आधी आलेल्या स्पेस आवरते, फायलीच्या तळाच्या रिकाम्या ओळी काढते.

म्हणजे झाडलोट दोन प्रकारची. एक, नको त्या फायली काढणं. दोन, हव्या त्या फायली आतून पुसणं. मी दोन्ही एकाच स्क्रिप्टमध्ये करणार आहे.

६ जून, गुरुवार

पहिला भाग लिहिला. फाइंड या आज्ञेने ~ वर संपणारी नावं शोधायची, पाइपने एक्सआर्ग्जला (यादी पुढच्या आज्ञेला पुरवणारा) द्यायची, त्याने आरएम (फायली काढणारी आज्ञा) चालवायचं. चालवलं आणि "डॉक्स" फोल्डर गायब.

पंधरा मिनिटं कळेना. मग सापडलं. मुळाशी एक बॅकअप पडला होता, नाव "डॉक्स जुने.टीएक्सटी~". मध्ये स्पेस. एक्सआर्ग्जला स्पेस दिसली की तो तिथे तोडतो. त्याने आरएमला दोन नावं दिली, "डॉक्स" आणि "जुने.टीएक्सटी~". दुसरं अस्तित्वातच नाही आणि पहिलं म्हणजे अख्खं फोल्डर. मी शहाणपणा करून आरएमला -आरएफ दिलेलं होतं, म्हणून ना प्रश्न ना तक्रार.

गिटमधून (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) परत आणलं. पण दोन दिवसांचं न कमिट केलेलं (गिटमध्ये न नोंदवलेलं) लिखाण गेलं ते गेलं.

युनिक्समध्ये फायलीच्या नावात दोनच गोष्टी चालत नाहीत: तिरकी रेघ आणि शून्य बाइट. स्पेस, अवतरणचिन्ह, नवी ओळ, सगळं चालतं. त्यामुळे नावं वेगळी करायला भरवशाचा असा एकच दुभाजक आहे, शून्य बाइट. फाइंडला -प्रिंट० आणि एक्सआर्ग्जला -०. हे मला माहीत होतं. वीस वर्षं माहीत आहे. तरी लिहिताना हात जुन्या वळणानेच गेला.

मग म्हटलं पाइप नकोच, फाइंडचंच -डिलीट वापरू. गिटचं फोल्डर वगळायला -प्रून लावला. फाइंडने नकार दिला: -डिलीट आपोआप -डेप्थ चालू करतं, म्हणजे आधी आतलं आणि मग बाहेरचं, आणि -डेप्थ असताना -प्रून निकामी. आत जाऊन आल्यावर "आत जाऊ नको" सांगून काय उपयोग. हा संदेश ज्याने फाइंडमध्ये घातला त्याचं भलं होवो, नाहीतर आज गिटचं फोल्डरही चाचपलं गेलं असतं. आणखी एक लक्षात ठेवायचं: -डिलीट नेहमी ओळीच्या शेवटी. -नेमच्या आधी लिहिलं तर नाव तपासायच्या आधीच सगळं साफ.

८ जून, शनिवार

गिट क्लीन. याच्यासाठी आधीच एक हत्यार आहे, मग मी का फाइंडशी कुस्ती खेळतोय?

एक्स, डी आणि एफ असे तीनही पर्याय दिले की गिटला माहीत नसलेलं सगळं जातं, दुर्लक्ष यादीतलंसुद्धा (गिटने बघू नये असं आपण सांगितलेलं). आधी -एन देऊन काय जाणार ते बघायचं असतं. मी बघितलं. यादी लांब होती, पहिले दोन पडदे भरून पायकॅशच पायकॅश, पुढे वाचली नाही. शेवटून तिसरी ओळ माझ्या डॉट-ईएनव्हीची होती. सगळे लोकल पासवर्ड, चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता, गेले. दुर्लक्ष यादीत असतं ते सगळं कचरा नसतं. काही गोष्टी लपवून ठेवण्यासाठीच तिथे असतात.

मॅकवाल्याला फोन केला, हळहळ सांगायला. तो म्हणाला, "घर झाडून पाहुण्यांना द्यायचंच कशाला? त्यांना नवीन खोली दे, त्यात मोजकंच सामान ठेव."

बरोबर आहे. कामाचं फोल्डर साफ करायचं नाहीच. तात्पुरत्या फोल्डरमध्ये गिट आर्काइव्हने फक्त कमिट झालेलं उतरवायचं आणि तेच बांधायचं. कोअर डंप कधीच कमिट झाली नव्हती, म्हणजे ती जाऊच शकणार नाही.

तात्पुरतं फोल्डर शेवटी काढायला मात्र आरएम लागतंच. तिथे चलाच्या नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह, म्हणजे चल रिकामा निघाला तर शेल तिथेच थांबेल. जानेवारी २०१५ मध्ये स्टीमच्या (गेम विकणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लिनक्स स्क्रिप्टमध्ये असाच एक चल रिकामा राहिला आणि "अमुक/*" काढायचं ते "/*" झालं. लोकांच्या घरच्या फायली, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कसकट, गेल्या. त्या ओळीच्या वरच "भीतिदायक" अशी टिप्पणी होती म्हणतात. लिहिणाऱ्याला भीती वाटली होती, एवढंच.

११ जून, मंगळवार

टारबॉल ४८ वरून ७ एमबी. वरचा एक एमबी कुठला म्हणून शोधलं. दुर्लक्ष यादीत असूनही कधीतरी कमिट झालेल्या १४ फायली निघाल्या (गिट एलएस-फाइल्सला -सी, -आय आणि प्रमाण वगळणी दिली की यादी मिळते). त्यात भाषांतराच्या एमएसजीमर्ज आज्ञेने मागे सोडलेले पीओ~ बॅकअप पाच. हाताने काढल्या. आमच्या अंतर्गत टिपा आणि सीआयची (आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेची) सेटिंग्ज गिटअॅट्रिब्यूट्समध्ये एक्सपोर्ट-इग्नोर केली, म्हणजे टारबॉलमधून वगळली.

इथेच थांबायला हवं होतं.

१३ जून, गुरुवार

दुसरा भाग: फायलींच्या आतली झाडलोट. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा सेडने (मजकूर बदलणारी आज्ञा) छाटल्या. २१२ फायली बदलल्या. मनाला फार बरं वाटलं, आणि मग चाचण्या चालवल्या.

वाचा-मला मार्कडाउनमध्ये आहे. मार्कडाउनमध्ये ओळीच्या शेवटी दोन स्पेस म्हणजे "इथे ओळ तोडा". पत्ता चार ओळींत होता, एका ओळीत आला. चाचण्यांच्या अपेक्षित उत्तरांत छापील पावतीच्या रकान्यांना शेवटी मुद्दाम भरलेल्या स्पेस होत्या. सात चाचण्या पडल्या. "नमुने/चालू" ही दुसऱ्या फायलीकडे बोट दाखवणारी सिमलिंक होती. सेडचं -आय फाइल जागेवर बदलत नाही, नवी लिहून जुन्याच्या जागी ठेवतं, त्यामुळे सिमलिंक जाऊन तिथे साधी फाइल आली. मॅकवाल्याकडे तर स्क्रिप्ट सुरूच होईना, कारण तिथल्या सेडला -आयनंतर बॅकअपचं शेपूट वेगळं द्यावं लागतं, रिकामं का होईना.

सगळं उलटवलं. आता गिट डिफला (फरक दाखवणारी आज्ञा) -चेक देऊन रिकाम्या ट्रीशी, म्हणजे रिकाम्या फोल्डरशी (४बी८२५डीसी ने सुरू होणारा तो ठरलेला हॅश, मजकुरावरून काढलेला ठसा) तुलना. ते फक्त ओळी दाखवतं. बघू, ज्याची फाइल तो करेल.

१४ जून, शुक्रवार

एका स्वयंसेवकाने विंडोजवरून दिलेली बॅकअपची स्क्रिप्ट लिनक्सवर चालेना: "बॅड इंटरप्रिटर", आणि बॅशच्या नावापुढे टोपी घातलेला एम. ओळीच्या शेवटचा सीआर तो, विंडोजचं जास्तीचं अदृश्य अक्षर. कर्नल "बॅश" नाही, "बॅश+सीआर" नावाचा प्रोग्रॅम शोधतो आणि तसा कुणी नसतो. गिटअॅट्रिब्यूट्समध्ये शेल स्क्रिप्टना ईओएल (ओळीचा शेवट) म्हणजे एलएफ (लिनक्सचं ओळ संपवणारं अक्षर), हे एकदाच लिहून टाकलं. दहा मिनिटांचं काम.

१८ जून, मंगळवार

आज अदृश्य अक्षरं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी "ट्रोजन सोर्स" दाखवलं होतं. अरबी-हिब्रूसाठी मजकुराची दिशा फिरवणारी युनिकोडची अदृश्य अक्षरं कोडच्या टिप्पणीत पेरली की माणसाला एक वाचायला मिळतं आणि कंपायलरला दुसरंच. तेव्हापासून मनात होतं की आपल्या झाडात (कोडच्या सगळ्या फोल्डरांत) असलं काही नको. सोबत झीरो-विड्थ स्पेस वगैरे मंडळीही काढून टाकू. दिसत नाहीत, म्हणजे कचराच.

त्यांचे युनिकोडमधले क्रमांक: यू+२००बी ते २००डी, यू+२०२ए ते २०२ई, यू+२०६६ ते २०६९. ही सगळी अक्षरं टीआरच्या (अक्षरं बदलणारी किंवा काढणारी आज्ञा) -डी पुढे अवतरणात चिकटवली आणि झाडभर फिरवली.

एमएसजीएफएमटीने (भाषांतराच्या फायली तपासून बांधणाऱ्या आज्ञेने) किंकाळी फोडली. मराठी पीओ फायलीत "इनव्हॅलिड मल्टिबाइट सीक्वेन्स", शेकडो ठिकाणी.

लिनक्सवरच्या टीआरला अक्षर कळत नाही, बाइट कळतो. यू+२००डी हे यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत) तीन बाइट: ई२, ८०, ८डी. टीआरला वाटलं हे तीन वेगवेगळे जीव, जिथे दिसतील तिथे मारायचे. आता देवनागरी बघा. प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५. दीर्घ वेलांटी म्हणजे ई० ए५ ८०. हलन्त म्हणजे ई० ए५ ८डी. दोन्हींची शेपटी माझ्या यादीत! काना-मात्रा ओ ८बीवर संपतो, तोही गेला. दिशा फिरवणाऱ्या पाच अक्षरांच्या शेपट्या एए ते एई. आणि देवनागरीत एए ते एई कोण? प, फ, ब, भ, म. अख्खा पवर्ग, क्रमाने, एकही न चुकता. पुढच्या चार अक्षरांनी द, ध, न नेले आणि जाता जाता ऱ्हस्व उकार.

"नोंद" या शब्दात न गेला, ओ गेला, द गेला. जिवंत राहिला तो फक्त अनुस्वार.

हसू आलं, तासभर. असली चूक परवडते, बिल्डच होत नाही.

१९ जून, बुधवार

टीआर काढून पर्ल घातलं, यूटीएफ-८ धरून. आता अक्षराला अक्षर समजतं. एमएसजीएफएमटी खूश, सर्व चाचण्या हिरव्या. डिफ टर्मिनलमध्ये वरवर पाहिला. २.४ आरसी१ (अंतिमच्या आधीची चाचणी आवृत्ती) चार ग्रंथालयांना पाठवला.

२४ जून, सोमवार

सकाळी ताईंचा फोन.

"अरे, हे 'कर्मचार्यांची यादी' काय लिहिलंयस?"

मी म्हटलं, "ताई, फॉन्टचं असेल. त्यांच्याकडे जुनं विंडोज आहे."

"फॉन्टचं नाही. त्याच पडद्यावर खाली 'दुसऱ्या प्रतीची नोंद' अगदी बरोबर आहे. एकच फॉन्ट ना? आणि विषयांच्या यादीत डोंगरदर्या. दर्या म्हणजे समुद्र, डोंगरात कुठून आणलास?"

फोन ठेवला आणि पोटात गोळा आला, कारण मला उत्तर कळलं होतं.

मराठीत य आणि ह यांच्या आधी येणारा र दोन तऱ्हेचा. एक डोक्यावर बसणारा रफार: सूर्य, कार्य, दर्या. दुसरा आडवा, छोट्या कमानीसारखा: दऱ्या, तऱ्हा, कर्मचाऱ्यांची. उच्चार वेगळा, अर्थ वेगळा. ताईंनी लगेच त्यांच्या मास्तरांचं उदाहरण दिलं: आचार्यांना बोलावलं तर गुरुजी येतील, आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाकी. युनिकोडच्या कागदपत्रांत या आडव्या र ला "आयलॅश रा" म्हणतात, पापणीसारखा दिसतो म्हणून.

तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (यू+०९३१) आणि हलन्त. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र च्याच कळीवर शिफ्ट दाबून. दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे झीरो-विड्थ जॉइनर. ही युनिकोड २.० च्या वेळची रीत, जुन्या मजकुरासाठी आजही चालते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे: दुसऱ्या, दुसर्‍या. पहिल्यात जॉइनर नाही, दुसऱ्यात आहे.

आणि जॉइनर म्हणजे यू+२००डी. मी "कचरा" म्हणून काढला तो. जॉइनर गेला की उरतो र आणि हलन्त, आणि नियमाप्रमाणे त्याचा होतो रफार. मजकूर वैध, एमएसजीएफएमटीला काही खटकायचं कारण नाही. फक्त शब्द दुसरा.

मोजलं. मूळ फायलीत जॉइनर ६१ ठिकाणी, त्यातले ५७ र नंतरचे. हा सगळा जुना मजकूर, सुरुवातीला एका स्वयंसेवकाने कुठल्याशा फोनेटिक कीबोर्डवर टाइप केलेला. नंतरचा ताईंनी इनस्क्रिप्टवर ऱ वापरून लिहिला, त्याला धक्का नाही. म्हणून एकाच पडद्यावर निम्मं बरोबर, निम्मं चूक. उरलेले चार ठिकाणी जोडाक्षर मुद्दाम सुटं दाखवायला होते, तेही बिघडले.

डिफमध्ये का दिसलं नाही? माझ्या टर्मिनलमध्ये देवनागरी तशीही नीट जुळत नाही, प्रत्येक जोडाक्षर तुटलेलंच दिसतं. लाल ओळही मोडकी, हिरवीही मोडकी. मी "काहीतरी अदृश्य बदललंय" म्हणून पुढे गेलो. मराठी लिहिणारा माणूस मी. इंग्रजीवाल्याने केलं असतं तर त्याच्या नावाने लेख लिहिला असता.

आरसी१ मागे घेतला. चारही ठिकाणी मी स्वतः फोन केले. एका ग्रंथालयात त्या यादीचा कागद छापून भिंतीवर लागलाही होता.

२५ जून, मंगळवार

ताई आल्या होत्या. चहा घेताना त्यांनी सरळ विचारलं, "तुझी ती स्क्रिप्ट काय काय काढते?" मी यादी वाचून दाखवली. त्या प्रत्येकावर एकच विचारत राहिल्या, "हे कुणाचं असू शकेल?" ग्रंथालयात जुनी पुस्तकं बाद करताना त्या असंच करायच्या: बाद करायच्या पुस्तकांची यादी आधी लागते, लोकांना बघायला ठेवतात, समितीचा ठराव होतो आणि मग पुस्तक फडताळातून हलतं. "एकट्या माणसाने रात्रीत पोत्यात भरायचं नसतं रे."

ठरलं ते असं. स्क्रिप्ट फायलीच्या आत हात घालणार नाही. दिशा फिरवणारी नऊ अक्षरं कुठे सापडली तर फाइल आणि ओळ सांगून शून्येतर कोड देऊन थांबेल. आमच्याकडे उजवीकडून डावीकडे जाणारं एकही भाषांतर नाही, म्हणून हे सरसकट चालतं. उर्दू आली तर नियम फक्त कोडच्या फायलींपुरता ठेवावा लागेल. जॉइनर, नॉन-जॉइनरला पीओ फायलीत पूर्ण मुभा, सीच्या फायलीत सापडले तर इशारा.

तपासणी लिहिताना ती अक्षरं स्क्रिप्टमध्ये प्रत्यक्ष चिकटवायची नाहीत, सोळाच्या आकड्यांतच लिहायची. कालची आवृत्ती चालवली तर पहिली पकडली गेलेली फाइल झाडू.एसएच हीच होती.

जुन्या ५७ जागा ऱ वर आणायच्या का? ताई म्हणाल्या, आणू, पण मी आणते. त्यांच्या नावाने वेगळा कमिट, प्रत्येक शब्द वाचून. ५७ मध्ये दोन ठिकाणी मुळातच रफार हवा होता, तिथे स्वयंसेवकाची चूक निघाली. कुठल्याही स्क्रिप्टने ते दोन्ही ऱ केले असते.

यातून एक जुनं कोडंही सुटलं. "शोधात पुस्तक सापडत नाही, यादीत तर दिसतं" अशी तक्रार दोन वर्षं येतेय. नोंद एका पद्धतीच्या र ने, शोध दुसऱ्या पद्धतीच्या. मला वाटलं होतं एनएफसी (एकच अक्षर एकाच रीतीने लिहिण्याचा युनिकोडचा नियम) लावलं की मिटेल. नाही मिटत. एनएफसी र आणि नुक्ता जोडून ऱ करतं, पण जॉइनरला हात लावत नाही. त्याच्या लेखी हे दोन वेगळेच शब्द. शोधाच्या थरात आम्हालाच दोन्ही एक मानावे लागतील. वेगळं तिकीट (कामाची नोंद) केलं.

३० जून, रविवार

काल रात्री वर्ल्डकप, आज पालख्या शहरात. काही केलं नाही.

२ जुलै, मंगळवार

आता प्रश्न: टारबॉलमध्ये जे आहे ते गिटमध्ये आहे तेच, हे कुणालाही पडताळता आलं पाहिजे. मार्चअखेरचं एक्सझेडचं प्रकरण (फायली दाबण्याच्या साधनात चोरदरवाजा घुसवल्याचं) ताजं आहे. ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमध्ये बिल्ड-टू-होस्ट.एम४ ही बदललेली फाइल होती, ती गिटमध्ये नव्हतीच. रेपो वाचणाऱ्याला काही दिसलं नसतं. आंद्रेस फ्रॉइंडला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून २९ मार्चला उघड झालं. गंमत अशी की चाचणीच्या "खराब" फायलीतून लपवलेला माल सरळ करायला हल्लेखोरांनी टीआरच वापरला होता, बाइटची अदलाबदल करून. टीआरने एकाचं काम केलं आणि माझं बिघडवलं.

मी आणि मॅकवाल्याने एकाच टॅगवरून (नाव दिलेल्या कमिटवरून) टारबॉल बनवलं. हॅश वेगळे. जीझिप (टार दाबून लहान करणारं साधन) हेडरमध्ये वेळ लिहितो, त्याला -एन दिलं. तरी वेगळे, दोघांकडचे जीझिपच निराळे, दाबण्याची तऱ्हा निराळी. म्हणून हॅश आता जीझेडचा नाही, आतल्या टारचा जाहीर करायचा. गिट आर्काइव्हला कमिट दिला की सगळ्या फायलींना कमिटचीच वेळ लागते, क्रमही ठरलेला, त्यामुळे टार जुळायला हवं. पण तेही नाही जुळलं. त्याच्या गिटमध्ये टार-उमास्क कधीतरी बदललेला होता, परवानग्यांचे आकडे वेगळे पडले. स्क्रिप्टमध्येच उमास्क ठरवून दिला.

रात्री साडेअकराला दोन्ही हॅश सारखे आले. त्याने फोनवरून शेवटचे चार आकडे वाचून दाखवले, मी माझे वाचले.

५ जुलै, शुक्रवार

ऑटोमेक या ग्नूच्या बिल्ड साधनातल्या डिस्टचेकची कल्पना उचलली: टारबॉल उलगडायचं, सगळं झाड फक्त-वाचनीय करायचं, बाहेर वेगळ्या फोल्डरात बांधायचं आणि चाचण्या तिथून चालवायच्या. पहिल्याच फटक्यात "परवानगी नाही". आमच्या तीन चाचण्या नमुने फोल्डरातच लिहीत होत्या. म्हणजे दरवर्षी मी जो कचरा झाडत होतो, त्यातला बराचसा चाचण्याच टाकत होत्या. त्यांना एमकेटेम्पचं तात्पुरतं फोल्डर दिलं.

८ जुलै, सोमवार

२.४ गेलं. ५.८ एमबी.

झाडू.एसएच १९० ओळींची होती, आता ७४. ती टॅग घेते, तात्पुरत्या फोल्डरात उतरवते, तपासते, बांधून बघते, टार करते, हॅश छापते. काढत काहीच नाही, स्वतःचं तात्पुरतं फोल्डर सोडलं तर. मॅकवाला म्हणाला नाव बदल, हा काही झाडू राहिला नाही. ताईंनी "ठराव.एसएच" सुचवलंय. बदलायचं की नाही ते पुढच्या रिलीजला बघू, मेकफाइलमध्ये नऊ ठिकाणी नाव आहे.

शिल्लक: शोधातल्या दोन र चं तिकीट. मोकळ्या जागांची यादी अजून १८० ओळींची, कुणी हात लावलेला नाही. ज्या ग्रंथालयात चुकीचा कागद लागला होता तिथे नवीन पोस्टाने पाठवला. आज त्यांचा फोन आला, कागद मिळाला, जुना काढला. जुन्यावर काय छापलं होतं ते त्यांनी वाचून दाखवलं: कर्मचार्यांची. ते म्हणाले, "इतके दिवस भिंतीवर होता हो, आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही."